‘नाही’ म्हणणारा पेशंट

एमआरआयच्या चुंबकाला आपल्या पंख्यासारखं चालू-बंद करता येत नाही. पेशंट आत असो नसो, खोलीला कुलूप असो, सुट्टीचा दिवस असो, तो आपला ओढतच असतो. नवी मुलं माझ्याकडे आली की पहिल्या दिवशी मी हे सांगते, आणि ती मान डोलावतात. मग एखादा शहाणा खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून दारापर्यंत येतो आणि माझा आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जातो. आमच्याकडे एकदा सफाईच्या मावशींची लोखंडी बादली हातातून निसटून मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटली होती. मावशी त्यानंतर त्या मजल्यावर पाऊलच ठेवेनात.

माझं आयुष्य याच धंद्यात गेलं. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात आधी एक्स-रे, मग सीटी, शेवटी एमआरआय. निवृत्त झाल्यावर चिखलीच्या पुढच्या एका खासगी विद्यापीठाने शिकवायला बोलावलं. तिथे मेडिकल इमेजिंगची पदवी मिळते, म्हणजे ही यंत्रं चालवणारी माणसं तयार होतात. विद्यापीठाचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, त्यामुळे मुलं सकाळी वर्गात आणि दुपारी पेशंटसमोर. लोक आम्हाला ‘फोटोवाल्या बाई’ म्हणतात. म्हणोत बापडे. फोटो काय, मशीन काढतं. आमची खरी हुशारी त्याच्या आधी लागते, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला दारातूनच परत फिरवायचं, ते ठरवताना.

त्यासाठी प्रश्न विचारावे लागतात. छातीत पेसमेकर आहे का? मेंदूच्या शिरेवर क्लिप बसवली आहे का? कानात यंत्र? आणि आमच्या भागात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? कण मोहरीहून बारीक असतो. वर्षानुवर्षं डोळ्यात बसून राहतो, दुखत नाही, खुपत नाही. पण तो लोखंडाचा असला आणि माणूस त्या चुंबकापाशी गेला, तर कण आतल्या आत सरकतो आणि नजर जाऊ शकते. चिखली, भोसरी, चाकण हा सगळा पट्टा लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगवर जगतो. इथे हा प्रश्न उरकायचा म्हणून विचारायचा नसतो.

चॅटबॉट आमच्या वर्गात विद्यापीठाने रीतसर आणला, मुलांनी तो त्याआधीच खिशातून आणला होता. मी सुरुवातीला नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. पण मेल्याचा उपयोग व्हायचा. चुंबकाच्या क्षेत्रात प्रोटॉन कसे वागतात हे एखाद्या पोराला सात वेळा कळलं नाही, तर सातव्या वेळी माझा पारा चढतो. बॉटचा चढत नाही. तो आठव्यांदा नवं उदाहरण काढतो. ओंकार नावाचा आमचा एक वात्रट विद्यार्थी, त्याने एकदा माझ्याच गुडघ्याचा जुना एक्स-रे कुठूनसा मिळवून बॉटला दाखवला. बॉटने सांधा झिजल्याचं अदबीने सांगितलं आणि वजन कमी करण्याचा सल्ला दिला. वर्ग खिदळत होता. चुकला होता म्हणावं, तर तसंही नव्हतं.

त्याचा मुख्य उपयोग होता तो पेशंट होण्यासाठी. ‘तू पेशंट हो, मी हिस्ट्री घेतो,’ असं सांगितलं की बॉट पेशंट व्हायचा आणि मुलं त्याला जुन्या आजारांचे, ऑपरेशनांचे, इजांचे प्रश्न विचारायची. पूर्वी हा सराव मुलं एकमेकांवर करायची आणि निम्मा वेळ हसण्यात जायचा. आता कोणीही, कधीही, घरी बसून वीस पेशंट तपासावेत. करुणा तर रोज करायची. तिसऱ्या वर्षाची, शांत, काटेकोर मुलगी. वडील कारखान्यात ठेक्यावर, मूळ गाव राजगुरुनगरच्या बाजूला, राहायला चिखलीत. घरात शिकून पांढरा एप्रन घालणारी ही पहिलीच. तिचा एकही प्रश्न कधी सुटायचा नाही. बॉट तिला शेवटी शाबासकी द्यायचा, आणि मीही द्यायची.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. बॉटचा पेशंट फार गुणी होता. ‘डोळ्याला धातूची इजा झाली होती का?’ असं विचारलं की तो सांगायचा, ‘होय, काही वर्षांपूर्वी काम करताना माझ्या डोळ्यात धातूचा कण गेला होता.’ अहो, असं कोण बोलतं? चाळीस वर्षांत मला असा एक पेशंट भेटला नाही. पण मी म्हटलं, चला, सराव तर होतोय.

मग करुणाचे वडील आले.

दिलीपभाऊंची पाठ गेले काही महिने धरली होती. कळ पायात उतरायची. डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला, आणि करुणाचं पोस्टिंग आमच्याच हॉस्पिटलात, तेव्हा साहजिकच ते इथे आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, जणू लग्नाला निघालेत. त्या दिवशी बाहेरच्या टेबलावर करुणाच होती. घरच्या माणसाची हिस्ट्री घरच्याने घेऊ नये असा नियम नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मीही काही बोलले नाही. तिने वडिलांना समोर बसवून सगळे प्रश्न ओळीने विचारले. आवाज अगदी ठाम. ते ताठ बसून उत्तरं देत होते. तिने कागद भरला, सही घेतली आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं.

आमच्याकडे दोनदा विचारायची पद्धत आहे. एकदा बाहेर, एकदा मशीनच्या दारात. दारात मी होते.

कागदावर सगळीकडे ‘नाही’. मी पुन्हा विचारलं, पुन्हा सगळं ‘न्हाई’. घड्याळ काढलं, करगोटा काढला, खिसे उलटे करून दाखवले. दार उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. साबणाने घासघासून धुतलेला हात, पण बोटांच्या रेघांत ती बारीक काळी भुकटी तशीच. ती जात नाही. मी विचारलं, “भाऊ, काम काय करता?”

“ग्राइंडिंग. ढलाईचं पार्ट येत्यात, त्येंच्या कडा घासायच्या.”

“किती दिवस?”

“लगीन व्हायच्या आधीपासनं.”

“चष्मा लावता?”

“साहेब आला की लावतो,” ते हसले.

“मग डोळ्यात चिप गेली तर काढतं कोण?”

धातूच्या कणाला कारखान्यात चिप म्हणतात, आणि हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. पण त्यांचा चेहरा उजळला. “आमच्या शॉपमदी एक मामा हाय की! लई हात हलका त्येचा. रुमालाला पीळ घालतो, पापणी उलटी करतो, झटक्यात बाहेर. च्याच्या सुट्टीत त्येच्याम्होरं लायनीत उभं ऱ्हायचं. माझ्या तर किती काढल्यात. एक तेवढी निघाली न्हवती, लई लाल झाला डोळा. मग आपोआप बरा झाला.”

माझा हात दाराच्या कडीवर होता. तो मी काढून घेतला.

“आणि आत्ता मी विचारलं तेव्हा ‘नाही’ का म्हणालात?”

“ती इजा न्हाई ना म्याडम. इजा म्हंजी रक्त यायला पायजे, बोट तुटाया पायजे. चिप तर रोजचीच.” मग ते जरा पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आन् दुसरं म्हंजी पोरीची परीक्षा व्हती ना.”

“कसली परीक्षा?”

“ती इचारत व्हती, कागदावर खुणा करत व्हती, तुमी मागनं बघत व्हता. मला वाटलं, माझ्यामुळं एखादं ‘व्हय’ आलं तर पोरीचं मार्क जातील. मेडिकलात ‘न्हाई’ म्हणलं की पास, ‘व्हय’ म्हणलं की बाहेर. आमी तर ह्येच शिकलो.”

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. या पट्ट्यात ठेक्यावर कामाला लागायचं तर आधी मेडिकल होतं. डॉक्टर एका पाठोपाठ एक प्रश्न विचारतो, आणि रांगेत उभ्या प्रत्येकाला शेजारच्याने शिकवून ठेवलेलं असतं, काहीही विचारलं तरी ‘नाही’ म्हण. दम लागतो? नाही. ऐकू कमी येतं? नाही. चक्कर? नाही. फिट. पुढचा. अशा रांगांचे छातीचे फोटो मी ढिगाने काढलेत. या माणसांच्या तोंडी ‘नाही’ म्हणजे खरंखोटं काही नसतं, ती गेटपासची किंमत असते. आणि दिलीपभाऊ बिचारे तोच गेटपास आपल्या लेकीला मिळवून देत होते.

डोळ्यांचा एक्स-रे काढला. याची एक साधी युक्ती आहे. एक फोटो पेशंटला वर बघायला सांगून काढायचा, दुसरा खाली बघायला सांगून. पांढरा ठिपका दिसला आणि तो दोन्हीत एकाच जागी राहिला, तर कण पापणीत किंवा हाडाशी असू शकतो. डोळ्याबरोबर हलला तर तो डोळ्याच्या गोळ्यात आहे. करुणा यंत्रापाशी होती. “पप्पा, वर बघा. आता हलू नका.” मग, “खाली बघा.” दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. उजव्या डोळ्यात खसखशीएवढा पांढरा ठिपका, वर बघतानाच्या फोटोत वर, खाली बघतानाच्या फोटोत खाली.

तिला मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. ती पडद्याकडे बघतच म्हणाली, “मॅडम, मी सगळे प्रश्न विचारले होते. एकही सोडला नव्हता.” मी तिला जवळ घेतलं. पाऊलभर अंतर होतं हो. दार उघडलं असतं तर तो उजवा डोळा आज नसता.

डोळा वाचला. एमआरआयऐवजी सीटी केला, पाठीला व्यायाम आणि औषधं सुरू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कण जुना आहे, सध्या छेडू नका, तपासायला येत राहा. इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

बिल ठेकेदाराच्या ऑफिसातून मंजूर व्हायचं होतं. त्याबरोबर रिपोर्टची प्रत गेली. रिपोर्टमध्ये आमच्याच डॉक्टरांनी, योग्य तेच, लिहिलं होतं की उजव्या डोळ्यात धातूचा कण असल्यामुळे एमआरआय केला नाही. पुढच्या वेळी ठेका नवा करताना दिलीपभाऊंचं नाव नव्हतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला म्हणे, “भाऊ, डोळ्यात लोखंड घेऊन ग्राइंडरवर? उद्या दुसरा डोळा गेला तर आमच्या नावावर.” याच ग्राइंडरवर तो कण डोळ्यात गेला होता, हे कोणी बोललं नाही. आता ते चऱ्होलीतल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर असतात. खुर्ची आहे, पाठीला आराम आहे. पण ग्राइंडरवरचा कारागीर माणूस दिवसभर गाड्यांना दांडा वर करतो, हे मला बघवत नाही.

करुणाने मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, “मॅडम, तुम्ही विचारलं नसतं तर डोळा गेला असता. विचारलं म्हणून नोकरी गेली. मग बॉटला मी नक्की काय शिकवू?”

कारण तिने ते मनावर घेतलं होतं. तिला बॉटचा असा पेशंट करायचा होता जो ‘नाही’ म्हणतो. वाटतं तितकं सोपं नव्हतं ते. तिने बॉटला सांगितलं, तुझ्या डोळ्यात कण आहे पण तू तो लपव. बॉटने पहिल्या प्रश्नाला लपवला आणि दुसऱ्याला कबूल केला, वर माफीही मागितली. ‘क्षमस्व, मी आधी सांगायला विसरलो.’ वर्ग हसला. करुणा हसली नाही. “माणूस विसरत नाही रे,” ती ओंकारला म्हणाली, “भितो.”

शेवटी तिने घरी वडिलांनाच शेजारी बसवलं. नोकरी गेल्यापासून ते घरात फारसे बोलत नव्हते. तिने त्यांना बॉटची उत्तरं वाचून दाखवली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले म्हणे. “ह्येला कंपनीत न्या, जेवायच्या सुट्टीपत्तोर बाहेर काढत्यात!” मग ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. रांगेतला माणूस कसा उभा राहतो, मागचा कसा ऐकत असतो, कशाला इजा म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत, कुठल्या प्रश्नाला तो गप्प बसेल आणि कुठल्या प्रश्नाला विसरून भडाभडा बोलेल. हे सगळं तिने बॉटला सूचना म्हणून दिलं.

तो पेशंट वर्गात आला त्या दिवशी कोणालाच दाद देईना. “न्हाई ताई, डोळं एकदम फस्क्लास.” ओंकारने त्याला तीन तऱ्हांनी विचारलं, तिन्ही वेळा फस्क्लास. मग मुलं हळूहळू शिकली. आधी कामाचं विचारायचं, घरचं विचारायचं, चहाचं विचारायचं. ‘इजा’ हा शब्दच काढायचा नाही. कागदाकडे बघत विचारायचं नाही. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे शिकवू शकले नव्हते, ते या यंत्राने शिकवलं, हे मला मान्य करावं लागलं. पण त्या यंत्राच्या तोंडी शब्द होते ते दिलीपभाऊंचे.

करुणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आम्ही मुलांना माणसाकडून ‘हो’ काढून घ्यायला शिकवत होतो. त्या ‘हो’चं पुढे काय होतं, हे कोणत्याच विषयात नव्हतं.

थंडीत चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेक्याच्या कामगारांचं मेडिकल निघालं. छातीचे फोटो काढायला आमची व्हॅन आणि मुलं गेली, बरोबर मी. प्रश्नांच्या टेबलावर करुणा. रांग गेटपर्यंत. दिलीपभाऊंची गोष्ट पट्टाभर फिरली होती, त्यांचं काय झालं ते त्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. ती विचारायची, “डोळ्यात कधी चिप गेली होती का, दादा?” आणि उत्तर यायचं, “न्हाई.” पुढचा. “न्हाई.” माणसामागून माणूस, बोटांच्या रेघांत काळी भुकटी, आणि “न्हाई.” तिला त्यातला प्रत्येक ‘न्हाई’ ओळखू येत होता. तिच्याकडे आता प्रश्नही होते. चहाचं विचारलं असतं तर निम्मी रांग भडाभडा बोलली असती.

तिने ते विचारलं नाही. पेन खाली ठेवलं, समोरच्या माणसाकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, “दादा, इथं जे सांगायचं ते सांगा, मी तेच लिहिते. छातीच्या फोटोला डोळ्यातल्या चिपचं काही होत नाही. पण कधी पाठीचा, डोक्याचा एमआरआय सांगितला, त्या बोगद्याच्या मशीनमध्ये घालणार असले, तर तिथं खरं सांगा. तिथं पास-नापास नसतं. तिथं ‘नाही’ म्हणालात तर डोळा जाईल.” तो मान हलवून पुढे गेला. पुढच्यालाही तिने तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर ओरडले, “काय चाललंय तिकडे? रांग तुंबलीये!”

मी मागेच उभी होते. नियमाने मी तिला थांबवायला हवं होतं, कारण खोटं सांगा असं आपण पेशंटला सुचवत नसतो. मी डॉक्टरांना म्हटलं, “हळू होईल, पण होईल. पोरगी नीट विचारतेय.” मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी लाजही वाटली, की हे असं चोरून सांगावं लागतंय.

करुणा आता पदवी घेऊन दुसरीकडे नोकरीला लागली. मागच्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे एमआरआयच्या दारात होते. चाकणकडून एक माणूस आला, मान आणि हात दुखत होते. बाहेर, आता आमच्याच हॉस्पिटलात नोकरीला लागलेल्या ओंकारचं त्याला कामाचं, घरचं विचारून झालं होतं, कागद अजून कोराच होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “म्याडम, माझ्या डोळ्यात चिप गेलेली हाय. मेडिकलात मी न्हाई म्हणलोय. पर त्या व्हॅनमदल्या पोरीनं सांगितलं व्हतं, हितं खरं बोलायचं.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओंकारला एक्स-रेची खोली उघडायला सांगितली.

तो निघाला, आणि दोन पावलांवर थांबून मागे वळला. “म्याडम, ह्ये कंपनीला कळायचं न्हाई ना?”

बॉटला विचारलं असतं तर त्याने पेशंटच्या गोपनीयतेवर एक स्वच्छ परिच्छेद दिला असता, आणि त्यातलं एक अक्षरही चूक नसतं. पण दिलीपभाऊंचा कागद ठेकेदाराच्या ऑफिसात गेलेला मी पाहिला होता. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि मला काही केल्या ‘नाही’ म्हणता येईना.